संकेतस्थळाची रंगीत तालीम



बेळगाव शहराच्या पश्चिमेस, राकसकोप जलाशयाच्या अंगाला बेळगुंदी हे गाव आहे. भरपूर पावसाचा हा मुलूख. भात, बटाटा आणि रताळी ही इथली प्रमुख पिके. बेळगुंदी, बिजगर्णी, राकसकोप या गावांतील रताळी बेळगावच्या मार्केट यार्डात येतात आणि तेथून दूरदूरच्या उपवासाच्या पानांवर जाऊन पडतात. आता या पंचक्रोशीतील मुले अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाऊन संगणकविद्याही शिकू लागली आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्य ठाणे बेळगावातच आहे. म्हणजे विद्या दाराशी आलेली आहे. परंतु दाराशी आलेल्या विद्येला घरात बसावयास जागा लागते. ती जागा कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय.

समजा, बेळगुंदीच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात आले की, आपल्या भागातील रताळ्यांच्या विक्रीची नोंद ठेवणारे एक संकेतस्थळ करावे. कोणाची किती पोती यार्डात गेली, वजन किती भरले, दर काय मिळाला आणि वजावट होऊन पट्टीवर कोणती रक्कम लागली, हे शेतकऱ्याला आपल्या मोबाइलवर पाहता यावे. कल्पना चांगली आहे, आणि अशक्य तर मुळीच नाही. आता हे संकेतस्थळ बांधावयाचे कोठे? पुष्कळांना वाटते की, इंटरनेटवर थोडी जागा भाड्याने घ्यावी, तेथेच फायली चढवाव्यात आणि चूक दिसेल तेथे तिथल्या तिथे दुरुस्ती करीत जावे. हा मार्ग मला घातक वाटतो, आणि तो का घातक आहे हे मी आज सांगणार आहे.

यात्रेत नाटक करणाऱ्या मंडळींना हे सांगावयास नको. पडदा वर जाण्यापूर्वी महिना-दीड महिना शाळेच्या खोलीत किंवा देवळाच्या मंडपात तालमी चालतात. तेथे नट अडखळतो, पेटीवाला सूर चुकतो, दाढी गळून पडते, आणि कोणाचे काही बिघडत नाही, कारण समोर प्रेक्षक नसतात. शेवटी रंगीत तालीम होते. तीत वेष, दिवे, पडदे सारे खऱ्यासारखे असते. फक्त तिकीट काढून आलेला माणूस तेवढा नसतो. संगणकाच्या व्यवसायात 'लोकल डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट' असे ज्याला म्हणतात, ते या रंगीत तालमीचेच दुसरे नाव आहे. आपल्या स्वतःच्या संगणकावर संकेतस्थळाची सगळी रंगभूमी उभारावयाची, तेथे चुका करावयाच्या, त्या सुधारावयाच्या आणि मगच ते लोकांपुढे न्यावयाचे.

यासाठी संकेतस्थळ चालते कसे, ते आधी थोडे समजून घेतले पाहिजे. आपण मोबाइलवर एखादा पत्ता उघडतो, तेव्हा आपला ब्राउझर दूरवरच्या एका संगणकाकडे मागणी पाठवतो. तो दूरचा संगणक म्हणजे सर्व्हर. त्यावर एक आज्ञावली सदैव कान देऊन बसलेली असते. मागणी येताच ती डेटाबेसमधून, म्हणजे नोंदींच्या कोठारातून, हवी ती माहिती काढते, तिचे पान सजवते आणि परत धाडते. एक मागणारा आणि एक देणारा, असे हे दोन पक्ष आहेत. मात्र देणारा दूरच असला पाहिजे असा नियम कोठेही नाही. एकाच यंत्रात दोघेही राहू शकतात. तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर देणारी आज्ञावलीही चालवता येते आणि त्याच लॅपटॉपवरचा ब्राउझर तिच्याकडे मागणीही करू शकतो. पोस्टात न जाता स्वतःच्याच घरातील एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चिठ्ठी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

या घरगुती चिठ्ठीसाठी इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी एक खास पत्ता राखून ठेवला आहे. अंकांत तो १२७.०.०.१ असा आहे आणि शब्दांत 'लोकलहोस्ट' असा. या पत्त्यावर पाठवलेली मागणी यंत्राबाहेर पडतच नाही. बाहेर पाऊस कोसळत असो, तारा तुटलेल्या असोत, मोबाइलचा मनोरा बंद पडलेला असो, हा पत्ता आपला चालूच राहतो. वर्षाचे चार महिने ज्यांना वाऱ्यापावसाशी झगडावे लागते, त्या आपल्या भागातील मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. बॅटरीत जीव आहे तोवर काम चालू राहते.

पत्त्याच्या मागे एक क्रमांकही असतो, त्याला पोर्ट म्हणतात. एका घरात अनेक खोल्या असाव्यात आणि प्रत्येकीच्या दारावर क्रमांक असावा, तसे हे पोर्ट. सार्वजनिक संकेतस्थळे सामान्यतः ८० किंवा ४४३ या दारांनी बोलतात. घरच्या तालमीसाठी ८००० किंवा ३००० अशी दारे घेण्याचा प्रघात आहे. एका दारापाशी आधीच कोणी बसलेले असेल, तर दुसऱ्या आज्ञावलीला तेथे बसता येत नाही आणि 'हे पोर्ट वापरात आहे' अशी तक्रार पडद्यावर येते. नवखा विद्यार्थी येथे घाबरून जातो. वस्तुतः काल रात्री सुरू करून बंद करावयाची राहिलेली त्याचीच आज्ञावली तेथे बसलेली असते.

आता साधनसामग्री. माझी आवड सांगावयाची, तर शिकाऊ माणसाने पायथन ही भाषा आणि तिच्यातील जँगो ही चौकट घ्यावी. पायथन १९९१ सालापासून लोकांपुढे आहे, जँगो २००५ पासून. दोन्ही विनामूल्य आहेत आणि दोन्हींची माहितीपुस्तके संगणकावर उतरवून ठेवता येतात. ज्याला पीएचपी येते, त्याने ती सोडण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी २००२ पासून उपलब्ध असलेले झॅम्प हे गाठोडे आहे. त्यात सर्व्हर, डेटाबेस आणि भाषा एकत्र बांधून मिळतात. प्रत्यक्ष आज्ञा भाषणात उच्चारून दाखवण्यात काही अर्थ नाही. त्या मूळ माहितीपुस्तकातून अक्षर न् अक्षर पाहून घ्याव्यात. कोणत्या क्रमाने काय करावे आणि का करावे, एवढेच मी सांगतो.

प्रथम पायथन बसवावे. नंतर प्रकल्पासाठी एक स्वतंत्र फोल्डर करून त्यात 'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट' नावाचा आडोसा उभा करावा. हा आडोसा कशासाठी? एका प्रकल्पाला जँगोची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवू गेल्यास नवी जुनीला पुसून टाकते आणि काल चालणारे काम आज बंद पडते. आडोसा असला, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाची सामग्री त्याच्या त्याच्या खणात राहते. त्यानंतर सामग्रीच्या नावांची, आवृत्तीच्या क्रमांकांसह, एक यादी फायलीत लिहून ठेवावी. वाण्याच्या यादीत नुसते 'तांदूळ' लिहून भागत नाही. इंद्रायणी की बासमती, हेही लिहावे लागते. संगणकाच्या यादीत तर ठिपक्यानंतरच्या अंकालाही महत्त्व आहे.

ही सामग्री इंटरनेटवरून उतरवावी लागते, आणि अडचण येते ती तेथेच. पण पायथनच्या सामग्री आणणाऱ्या साधनाला, म्हणजे पिपला, नुसते 'उतरवून ठेव, बसवू नकोस' असेही सांगता येते. शहरात महाविद्यालयाच्या जोडणीवर सर्व गाठोडी एका पेनड्राइव्हमध्ये भरून घ्यावीत, गावी आणावीत आणि घरच्या संगणकाला 'बाहेर जाऊ नकोस, या पेनड्राइव्हमधूनच घे' अशी सूचना द्यावी. पथ्य एकच: उतरवणारा आणि बसवणारा अशा दोन्ही संगणकांची कार्यप्रणाली आणि पायथनची आवृत्ती एक असावी, नाही तर काही गाठोडी निरुपयोगी ठरतात. याच कारणास्तव अक्षरांचे टंक आणि पानाच्या सजावटीची सामग्री परक्या पत्त्यावरून मागवण्याची जी सोय बहुतेक पाठांत दाखवलेली असते, ती टाळावी. जाळे तुटताच पान विस्कटते. देवनागरीसाठी मुक्त, कन्नडसाठी नोटो असे उत्तम टंक विनामूल्य मिळतात. ते प्रकल्पाच्या फोल्डरातच ठेवावेत.

एवढे झाले की, एका आज्ञेने घरचा सर्व्हर सुरू होतो आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पत्ता लिहिताच पहिले पान उघडते. पुष्कळ मार्गदर्शने येथेच संपतात. माझ्या मते खरा विषय येथून सुरू होतो.

रंगीत तालमीचे मर्म असे की, काही गोष्टी अगदी खऱ्यासारख्या असाव्या लागतात आणि काही गोष्टी मुद्दाम खोट्या ठेवाव्या लागतात. कोणत्या खऱ्या आणि कोणत्या खोट्या, याचा विवेक सुटला की तालीम निरर्थक होते. आपल्या रताळ्यांच्या संकेतस्थळाचीच उदाहरणे घेऊ.

शेतकरी वजनाच्या रकान्यात मराठी अंकांनी '१२०' लिहितो. पायथनला देवनागरी अंक समजतात. तो निमूटपणे त्याचे एकशे वीस करून घेतो. पण ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा त्याच अंकांना 'ही संख्याच नव्हे' असे म्हणून मोकळी होते. डेटाबेसचे तर याहून निराळे. घरी बहुधा एसक्यूलाइट वापरतात. ते एकाच फायलीत राहते आणि सोयीचे असते, परंतु स्वभावाने फार भिडस्त आहे. संख्येच्या रकान्यात मराठी अंक सरळ दिले, तर ते त्यांना अक्षरे समजून गुपचूप ठेवून घेते. पोस्टग्रेस मात्र ते तेथल्या तेथे नाकारते. आता घरी एसक्यूलाइट आणि भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस असे ठेवले, तर घरी महिनाभर बिनतक्रार चाललेली गोष्ट यार्डाच्या पहिल्याच दिवशी मोडून पडेल. म्हणून डेटाबेस दोन्हीकडे एकच असावा, आणि आवृत्तीही शक्यतो तीच. शिकताना पहिला आठवडा एसक्यूलाइटवर काढण्यास हरकत नाही. पण लोकांच्या नोंदी घ्यावयाच्या ठरल्या की घरीही थोरला डेटाबेस बसवलाच पाहिजे.

दुसरे उदाहरण खास मराठीचे आहे. 'शेतकऱ्याचे' या शब्दातील, किंवा एखाद्या आडनावातील 'ऱ्य' पाहा. युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात हा ऱ दोन रीतींनी लिहिता येतो: एक तर त्याच्या स्वतंत्र संकेताने, नाही तर साधा र आणि खाली नुक्ता अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. एका कळफलकाने नाव नोंदवले आणि दुसऱ्या कळफलकाने शोधले, तर 'असे नाव नाही' असे उत्तर येते. यार्डात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, त्याची पोतीच नोंदलेली नाहीत! उपाय सोपा आहे. नाव साठवण्यापूर्वी व शोधण्यापूर्वी ते एकाच ठराविक रूपात आणावयाचे. त्यासाठी पायथनमध्ये तयार साधन आहे. पण हा दोष तालमीत उघड व्हावयाचा, तर तालमीत मराठी नावेच हवीत. इंग्रजी पुस्तकातली इंग्रजी नावे घालून केलेल्या तपासणीत तो शंभर वर्षांतही सापडावयाचा नाही.

अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसणे, हा अनुभव अनेकांना असेल. देवनागरीतील प्रत्येक संकेत यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट जागा घेतो, कन्नडचेही तसेच. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्या आपण होऊन काही सांगितले नाही, तर युरोपीय अक्षरांसाठी केलेली जुनी पद्धत धरून चालत. २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीत ही व्यवस्था बदलली आणि जगातल्या साऱ्या लिपी मुळातच सामावू लागल्या. घरी नवी आवृत्ती आणि स्वस्तात भाड्याने घेतलेल्या जागी जुनी, असे झाले की घरी सुरेख दिसणारे मराठी तेथे प्रश्नचिन्हे होऊन जाते. आणि एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठवले गेलेले नाव परत मिळत नाही. ते गेले ते गेलेच.

आमच्या सीमाभागात तर एकाच माणसाचे नाव तीन लिपींतून वावरते. जमिनीच्या उताऱ्यावर ते कन्नडमध्ये, बँकेच्या पुस्तकावर इंग्रजीत आणि घरच्या लग्नपत्रिकेवर मराठीत. गावांच्या नावांचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे इंग्रजीतील सरकारी नाव 'बेळगावी' झाले. त्यापूर्वीच्या साऱ्या कागदांवर 'बेळगाम' आहे आणि मराठी बोलण्यात 'बेळगाव' आहे. या तिन्ही नावांनी शोधणाऱ्याला एकच गाव सापडले पाहिजे. नावाचा वाद कोणी कसाही पाहो, नोंदवहीला तिन्ही ठाऊक असावी लागतात. तेव्हा तालमीच्या नोंदी करताना तिन्ही लिपी मुद्दाम मिसळाव्यात.

आता वेळेची गंमत पाहा. रताळ्यांची गाडी पहाटे पाच वाजता यार्डात लागली आणि तिची नोंद झाली. भाड्याचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. त्या सर्व्हरच्या घड्याळात त्या क्षणी आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तारखेचा विचार न करता आज्ञावली लिहिली, तर मंगळवारच्या मालाच्या पट्टीवर सोमवारची तारीख पडते आणि सोमवारचा दर लागतो. क्विंटलमागे दराचा जो फरक असेल तो शेतकऱ्याच्या खिशातून जातो, नाही तर व्यापाऱ्याच्या. घरच्या संगणकाचे घड्याळ भारतीय वेळेवर असल्यामुळे घरी हा दोष दिसेलच असे नाही, आणि दुपारी तपासणाऱ्याला तर तो सहसा दिसत नाही, कारण दुपारी दोन्हीकडे तारीख एकच असते. जँगोच्या नव्या प्रकल्पात वेळेच्या जागी मुळात जागतिक वेळच लिहिलेली असते. तेथे 'एशिया/कोलकाता' असे भरावे, आणि पहाटे पाचची एक नोंद तालमीत अवश्य करून पाहावी.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. विंडोज फायलीच्या नावातील इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे एकच मानते. बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात ते लिनक्स त्यांना निरनिराळी मानते. घरी दिसणारे चित्र सर्व्हरवर दिसत नाही, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. सर्व नावे लहान अक्षरांत ठेवावीत, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

ज्या गोष्टी खऱ्यासारख्या हव्यात, त्यांविषयी एवढे पुरे. मुद्दाम खोट्या ठेवावयाच्या गोष्टींत पहिले स्थान माणसांचे. तपासणीसाठी म्हणून गावातील खऱ्या शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक आणि बँक खाती घरच्या संगणकात भरण्याचा मोह होतो, कारण ती हाताशी असतात. हे करू नये. लॅपटॉप मित्राच्या हाती जातो, पेनड्राइव्ह बसमध्ये राहतो, फोल्डर चुकून सार्वजनिक जागी चढते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. पण कायदा नसता, तरीही शेजाऱ्याची खाजगी बाब उघड्यावर टाकणे गावात कोणी चांगले मानले नसते. काल्पनिक शेतकरी निर्माण करावेत, शंभर करावेत, त्यांत लांब नावाचे करावेत, एकाच नावाचे दोघे करावेत, नावापुढे गावच न लिहिणारे करावेत. खऱ्या माणसांपेक्षा ही मंडळी तपासणीला अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांना हवे तितके तऱ्हेवाईक करता येते.

दुसरी गोष्ट संदेशांची. माल विकला की शेतकऱ्याला संदेश जावा, अशी सोय प्रकल्पात असणारच. घरच्या तालमीत तो संदेश खरोखर जाता कामा नये. जँगोत टपाल बाहेर न पाठवता पडद्यावर लिहून दाखवण्याची सोय आहे. मोबाइलच्या संदेशासाठी तशीच युक्ती स्वतः लिहावी. रात्री बारा वाजता कोणाला 'आपली चाळीस पोती विकली गेली' असा तालमीतला संदेश गेला, तर तो बिचारा उजाडेपर्यंत झोपणार नाही.

तिसरी गोष्ट किल्ल्यांची. डेटाबेसचा परवलीचा शब्द, संदेश पाठवणाऱ्या कंपनीची गुप्त खूण, या गोष्टी आज्ञावलीच्या मजकुरात लिहू नयेत. त्या वेगळ्या फायलीत ठेवाव्यात. घरची फाइल वेगळी, सर्व्हरवरची वेगळी, आणि दोहोंतील किल्ल्याही वेगळ्या. चूक झाल्यास तिचा सविस्तर पंचनामा पानावर दाखवणारी 'डीबग' नावाची कळ जँगोत असते. घरी ती चालू असावी. तिच्यावाचून शिकणे कठीण. सार्वजनिक ठिकाणी ती बंदच असली पाहिजे, कारण तो पंचनामा परक्या माणसाला घराचा नकाशाच हाती देतो.

शेतकरी हे सारे पाहणार मोबाइलवर, म्हणून तालीमही मोबाइलवर झाली पाहिजे. येथे एक गफलत हमखास होते. विद्यार्थी फोनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहितो आणि पान उघडत नाही. उघडणार कसे? लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः'; फोनवर लिहिले की त्याचा अर्थ फोन असा होतो, लॅपटॉप असा नव्हे. त्यासाठी दोन्ही यंत्रे एका वायफायवर आणावीत. घरी वायफाय नसल्यास फोनचाच हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा. मग सर्व्हरला नुसत्या घरगुती पत्त्यावर न बसवता सर्व पत्त्यांवर कान देण्यास सांगावे आणि फोनवर लॅपटॉपचा त्या जाळ्यातील पत्ता लिहावा; हॉटस्पॉटवर ही पाने पाहण्यास इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. जँगोला अनोळखी पत्त्यावरची मागणी चालत नाही, तेव्हा तो पत्ता त्याच्या अनुमतीच्या यादीत घालावा लागतो. महाविद्यालयाच्या किंवा बसस्थानकाच्या वायफायवर मात्र हे दार उघडे ठेवू नये. शेजारी कोण बसले आहे हे आपणांस ठाऊक नसते.

जाणकार श्रोते विचारतील की, एवढी यातायात कशाला, डॉकर वापरा. २०१३ साली आलेले हे साधन संपूर्ण रंगभूमीच एका पेटीत भरून देते आणि ती पेटी कोणत्याही संगणकावर तशीच उघडते. साधन उत्तम आहे, यात वाद नाही. मुंबईतील फ्रॅपे या संस्थेची ईआरपीनेक्स्ट ही व्यापारी हिशेबाची मुक्त आज्ञावली पाहिली, तर तिला पायथन, नोड, मारियाडीबी, रेडिस असे अनेक गडी एकदम लागतात. तेथे 'बेंच' नावाचा मुकादमच नेमलेला आहे, आणि अशा ठिकाणी डॉकरचीही सोय होते. पण आपल्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप जुना, स्मृती थोडी आणि डॉकरच्या पेट्या शेकडो मेगाबाइटांच्या. शिवाय आत काय चालले आहे हे न कळताच पेटी उघडली, तर ती बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? पहिला प्रकल्प हातानेच उभारावा, असे माझे मत आहे. पेटी दुसऱ्या प्रकल्पाला घ्यावी.

गिट मात्र पहिल्या दिवसापासून हवे. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेले हे साधन आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची बखर ठेवते, आणि विशेष असे की, ती सगळी बखर आपल्याच संगणकावर असते. इंटरनेट नसतानाही काल काय होते आणि आज काय बदलले, हे पाहता येते आणि बिघडलेले काम कालच्या स्थितीला नेता येते. जाळे परत आले की ही बखर दुसरीकडे पाठवून तिची प्रत ठेवावी. किल्ल्यांची फाइल आणि काल्पनिक नोंदींचा डेटाबेस हे या बखरीतून वगळण्याची सूचना आधीच लिहून ठेवावी, कारण एकदा बखरीत शिरलेली किल्ली नंतर पुसली, तरी मागच्या पानांवर राहतेच.

राहिली एक गोष्ट, आणि आळस नेमका तिच्याच बाबतीत होतो. हे सर्व ज्या क्रमाने केले तो क्रम 'रीडमी' नावाच्या फायलीत लिहून ठेवावा, तोही मराठीत. कोणती आवृत्ती, कोणती आज्ञा, वेळेच्या जागी काय भरावयाचे, काल्पनिक शेतकरी कसे निर्माण करावयाचे, सर्व काही. मग ती फाइल आणि पेनड्राइव्ह शेजारच्या गावातील, ज्याने हा प्रकल्प कधी पाहिलेला नाही अशा मित्राच्या हाती द्यावी आणि आपण शेजारी गप्प बसावे. तो ज्या ओळीवर थांबेल आणि मान वर करून पाहील, त्या ओळीच्या वर आणखी एक ओळ लिहावयाची राहिलेली आहे, असे समजून ती तेथेच लिहावी.